मोहाचा रंग

नंदुरबारमधील एका विवाहाच्या स्वागतसमारंभात दोन-तीन वर्षांपूर्वी भोजनाच्या मांडवाशेजारी एक निराळाच मंच उभारलेला दिसला. काळ्या कापडाने झाकलेल्या लांब मेजामागे पांढरे हातमोजे घातलेला एक तरुण उभा होता आणि त्याच्यासमोर उंच काचेच्या पेल्यांची रांग. पेल्यांतील पेये निळी, पोपटी, काही तळाशी गडद लाल आणि वर पिवळी होत गेलेली. मद्याचा त्यांत थेंबही नव्हता. सोडा, साखरेचा पाक, लिंबू आणि रंग एवढाच ऐवज. तरीही मंडळी ज्या ओढीने त्या मेजाकडे जात होती ती ओढ लिंबूसरबताची खासच नव्हती. माझ्यासोबत अक्राणीकडचा एक माजी विद्यार्थी होता. निळा पेला दिव्यासमोर धरून तो म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडची दारू पाण्यासारखी दिसते. म्हणून तिचा कोणी फोटो काढत नाही.’’

तो हसत बोलला होता. मला मात्र ते वाक्य बरेच दिवस पुरले. पेयाच्या रंगाचा आणि त्याच्या प्रतिष्ठेचा काही संबंध असतो काय, असा प्रश्न त्यातून निघाला, आणि त्याचे उत्तर शोधू लागल्यावर ध्यानात आले की या प्रश्नाचा बराचसा इतिहास आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या एका जुन्या रस्त्यावर सांडलेला आहे.

आधी त्या पेल्यांची कृती पाहू. तीत फारसे गूढ नाही. रंगांचे थर उभे राहतात ते साखरेच्या जोरावर. डाळिंबाचा दाट पाक जड, तो तळाशी बसतो. संत्र्याचा रस त्याहून हलका. सोडा किंवा मद्य सर्वांत वर. वरचा थर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू ओघळू दिला की सीमारेषा मोडत नाही. घरी पाक करताना एकतारी-दोनतारी पारखणाऱ्या कोणाही गृहिणीला हे शास्त्र सांगावे लागणार नाही. निळ्या रंगाची कथा मात्र थोडी वेगळी आहे. जगभरच्या मद्यगृहांत जो निळा रंग दिसतो तो बहुतेक वेळा ‘कुरासाव’ नावाच्या मद्याचा. कॅरिबियन समुद्रातील त्याच नावाच्या बेटावरील कडवट संत्र्यांच्या वाळलेल्या सालीपासून ते करतात. साल हिरवी-पिवळी, अर्क पाण्यासारखा. निळेपणा बाहेरून घातलेला. १९५७ साली होनोलुलू येथील हॅरी यी या मद्यमिश्रकाने ‘ब्लू हवाई’ हे पेय सिद्ध केले, ते एका डच कंपनीला आपल्या निळ्या कुरासावचा खप वाढवायचा होता म्हणून. म्हणजे रंग पेयासाठी आला नाही, पेयच रंगासाठी जन्माला आले.

‘कॉकटेल’ हा शब्द तसा अलीकडचा. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर देताना मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचे मिश्रण अशी त्याची व्याख्या केली होती. पण मद्यात आंबट-गोड-सुगंधी पदार्थ घालून ते चारचौघांत मिरवण्याची पाश्चात्त्यांची रीत त्याहून दीड-पावणेदोनशे वर्षे जुनी आहे आणि तिचे नाव आहे ‘पंच’. या नावाजवळ मराठी वाचकाने जरा थांबावे. शिवकाळाच्या अभ्यासकांना परिचित असलेला जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७०च्या दशकात सुरत-मुंबई-जुन्नर भागांत हिंडला. पंच हा हिंदुस्थानी शब्द असून तो पाच घटकांवरून आला, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. पिंपाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्याशीही काहींनी नाते जोडले आहे. पण पेयाचा जन्म कोणत्या किनाऱ्यावर झाला याविषयी वाद घालणे कठीण. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात १६३२ साली हा शब्द प्रथम सापडतो. १६३८ साली सुरतेत उतरलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो तेथील इंग्रजांच्या वखारीत ‘पालेपुंत्झ’ नावाचे पेय चाखतो आणि अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर हे त्याचे घटकही देतो. आपल्याकडच्या पंचामृताची आठवण येथे कोणाला झाली, तर तिला शास्त्रीय आधार नसला तरी ती अस्थानी म्हणता येणार नाही.

या पंचातील एकही पदार्थ विलायतेचा नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची. युरोपातून आणलेली द्राक्षाची मद्ये समुद्रप्रवासात आणि येथल्या उन्हाळ्यात नासत. वखारीतल्या माणसाला उरे तो देशी अर्क, ज्याचा वास त्याला सोसत नसे. मग लिंबाने तो उग्रपणा मारायचा, साखरेने जीभ फसवायची, गुलाबपाण्याने नाक. रंगीत मिश्रपेयाचा उगम असा तडजोडीत आहे. परक्या मुलखातील हलक्या मानलेल्या दारूला आपल्या पंगतीत बसण्याजोगे कपडे चढवणे, हेच त्याचे मूळ काम.

सुरतेहून मोगल दरबाराकडे जाणारा एक मुख्य मार्ग नवापूर, नंदुरबार करीत तापीच्या काठाने बऱ्हाणपुरास जात असे. तावर्निये या मार्गाने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाची स्तुती करून गेला. त्याच्या आधी, १६१५ साली, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपुरास पोहोचला. बऱ्हाणपुरात शहाजादा परवेझचा मुक्काम होता. रोने त्याला नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली, आणि शहाजाद्याने तिचा इतका तत्परतेने उपयोग केला की ठरलेली पुढची भेट होऊच शकली नाही. इंग्रज मुत्सद्देगिरीच्या दख्खनमधील आरंभाची ही कथा मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. ती पेटी कोणाच्या तरी बैलांच्या किंवा हमालांच्या पाठीवर नंदुरबारच्या वेशीतून गेली असणार, हे सांगितल्यावर मात्र ती थोडी सावरून बसतात.

याच रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी. त्याने हिंदुस्थानी अर्काविषयी लिहिताना तो साखर आणि ‘जाग्रा’ नावाच्या झाडाच्या मसालेदार सालीपासून काढतात असे लिहिले. येथे बिचाऱ्याची गल्लत झालेली आहे. ‘जाग्रा’ म्हणजे गूळ, आणि साल बहुधा बाभळीची. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने उसाच्या दारूची कृती दिली आहे, तीत बाभळीची साल कुटून घालायला सांगितली आहे: मणाला दहा शेर, तिप्पट पाणी, मग रांजण जमिनीत पुरून भोवती घोड्याची सुकी लीद आणि सात ते दहा दिवसांची वाट. दोनदा गाळलेल्या अर्काला ‘दोआतशा’ म्हणजे दोनदा विस्तवावरून गेलेला असे नाव होते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तांत कबूल केले आहे की एके काळी आपण या दोआतशाचे दिवसाकाठी वीस पेले घेत होतो. हकिमांनी घाबरवल्यावर त्याने दोन भाग द्राक्षमद्य आणि एक भाग अर्क असे मिश्रण करून प्रमाण उतरवीत नेले. वकील रोच्या वेळचा बादशहा हाच. अठराव्या वर्षी शिकारीत थकल्यावर आपल्याला पहिल्यांदा जे मद्य मिळाले ते लहानशा बाटलीतले, पिवळ्या रंगाचे आणि गोड होते, एवढे तपशील त्याला वृद्धापकाळाकडे झुकतानाही आठवत होते. मोहाची पहिली स्मृती रंगाची, हे मला लक्षणीय वाटते.

आणि इथे भाषेची एक गंमत आड येते. ‘मोह’ हा शब्द मी आत्ता ज्या अर्थाने वापरला तो संस्कृत ‘मुह्’ धातूपासून आलेला. सातपुड्यातील मोह मात्र ‘मधूक’चा वंशज: मधूक, महुअ, मोह. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द मराठीत येऊन एकरूप झाले. त्यामुळे मोहाच्या झाडावर नैतिक उपदेश करण्याचा मोह आपल्याकडच्या लेखकांना आवरत नाही, आणि झाड बिचारे त्यात निष्कारण बदनाम होते. प्राचीन वाङ्मयात त्याची प्रतिष्ठा अशी नव्हती. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात स्वयंवराला निघालेल्या इंदुमतीच्या हातातील माळ मधूकफुलांची आहे. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी मद्यांची यादी दिली, शिवाय आम्ररस मिसळलेल्या ‘सहकारसुरे’चाही उल्लेख केला. मैरेयात गूळ, पिंपळी, मिरे आणि मेषशृंगीच्या सालीचा काढा पडत असे. तेव्हा फळांचा स्वाद आणि मसाल्याचा वास चढवलेली दारू आपण साहेबाकडून शिकलो, हा समज सोडून द्यावा लागतो. साल कुटून घालणे तर कौटिल्यापासून टेरीपर्यंत अखंड चालत आलेले दिसते.

मोहाची दारू या मिरवणाऱ्या परंपरेच्या बाहेर राहिली. मार्च-एप्रिलच्या पहाटे, उजाडण्याच्या आधी, मोहाची मलईसारख्या रंगाची मांसल फुले टपटप खाली पडतात. झाडाखालची जमीन आधीच झाडून ठेवलेली असते. बाया आणि मुले टोपल्या घेऊन वेचायला जातात. उन्हात वाळली की फुले बेदाण्यासारखी तांबूस होतात. ती पोरे तोंडात टाकतात, भाकरीतही पडतात, आणि टंचाईच्या वर्षी त्यांवर घरे तगलेली आहेत, हे दारूच्या चर्चेत नेहमी विसरले जाते. दारूसाठी वाळलेली फुले पाण्यात काही दिवस आंबवायची, फेस येऊन बसला की मडके चुलीवर चढवायचे, तोंड मातीने लिंपायचे आणि वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरवायची. प्रथम उतरते ती सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रयोग मराठी समीक्षकसुद्धा कवितेसाठी बिनदिक्कत वापरतात. तो कोणत्या चुलीवरून आला हे त्यांनी कधी पाहिले असेल असे वाटत नाही. धार स्वच्छ, पाण्यासारखी असते. प्यायच्या आधी काही थेंब जमिनीवर सांडायचे, पितरांचे आणि देवाचे म्हणून. सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे महाशिवरात्रीच्या सुमारास याहा मोगी मातेच्या यात्रेला नंदुरबारकडची हजारो माणसे जातात, त्यांच्या नैवेद्यातही ही धार असते. देवीला रंग चालतो की नाही, हे मला ठाऊक नाही. बहुधा तिला गरज पडली नसावी.

इंग्रजी अमलाने या बिनरंगी धारेचे गुन्ह्यात रूपांतर केले. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे सरकारी परवान्याखाली आले. घरच्या चुलीवर गाळणारा एका रात्रीत चोर झाला, आणि ज्याने ठेका घेतला त्याची दारू कायदेशीर ठरली. ठाणे-कुलाब्याकडे तर १८९२ साली मोहफुलांच्या साठ्यावरच निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. फूल घरात असणे हाच पुरावा! दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात हे ठेके प्रामुख्याने पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. उधारीवर दारू, दारूपायी जमीन, जमिनीपायी वेठ असा तो फेरा होता.

या फेऱ्याला उत्तर मिळाले तेही आदिवासींकडूनच. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत सुरू झालेला देवीचा संचार बागलाण, डांग, सोनगड करीत दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम खानदेशात पसरला. माणसांच्या अंगात आलेली देवी सांगे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, ठेकेदाराचे काम करू नका. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की ही निव्वळ शुद्धीकरणाची लाट नव्हती. दारूच्या ठेक्यावर उभी असलेली सत्ताच तिने नाकारली. मला या ग्रंथात सर्वांत हलवून गेलेली गोष्ट अशी की आपल्या देवाला चालणारी वस्तू माणसे आपल्याच देवीच्या शब्दावर सोडतात. बाहेरच्या सुधारकाने ती वाईट म्हणून सांगणे निराळे आणि हे निराळे. पुढे १९३८च्या सुमारास तळोद्याजवळच्या मोरवड येथे गुला महाराजांच्या आरतीला जमणाऱ्या समुदायाने पुन्हा हाच निर्धार केला, आणि त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराजांनी तो चालवला. १९७०च्या दशकात अंबरसिंग महाराजांच्या काळी शहादे तालुक्यात शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, तेव्हा दारूच्या भट्ट्यांवर चालून गेल्या त्या स्त्रिया. मडकी त्यांनी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना जाबही विचारला. मोहाच्या धारेविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने ही फुटकी मडकी नजरेआड करू नयेत, म्हणून त्यांची नोंद येथे मुद्दाम करतो.

देवीच्या संचाराच्या तीनच वर्षे आधी, १९१९ साली, गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. आपण शिक्षक मंडळी मद्यपानाचा विषय निघाला की याच नाटकाशी येऊन थांबतो. सुधाकर वकील आहे, तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात सुशिक्षितांचा मेळा आहे. तेथे पेला ही वैयक्तिक अधःपाताची पायरी आहे, आणि सिंधूच्या वाट्याला आलेले दुःख आजही अंगावर येते. पण त्याच मुंबई इलाख्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, दारू हा जमिनीचा, कर्जाचा आणि सरकारी महसुलाचा प्रश्न होता, आणि त्याचे एकही दृश्य मराठी नाटकाच्या पडद्यावर उमटले नाही. हा गडकऱ्यांवरचा आक्षेप नव्हे. नाटककार आपल्या प्रेक्षकाच्या पेल्यातच डोकावणार. आक्षेप असेल तर आपल्या अभ्यासक्रमावर आहे, जो शंभर वर्षांनंतरही दुसऱ्या पेल्याची चौकशी करीत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, पुढे तो सैल झाला, आणि १९७३च्या देशी मद्य नियमांनंतर परवान्याच्या दुकानांतून साखर कारखान्यांच्या मळीपासूनची बाटलीबंद दारू राजरोस मिळू लागली. तिची नावे पाहावीत. नंदुरबार-धुळ्याच्या दैनिकांत पोलिसांच्या धाडींच्या बातम्या येतात, तेव्हा ती एखाद्या यादीसारखी छापली जातात: भिंगरी संत्रा, बॉबी संत्रा, टँगो पंच. मळीच्या अर्काला संत्र्याचा स्वाद, आणि नाव ‘पंच’! सुरतेच्या वखारीत देशी अर्काला साहेबी कपडे चढवून जे नाव जगभर फिरले, ते चारशे वर्षांनी त्याच रस्त्यावरच्या देशी दारूच्या दुकानात परत आले. आता मात्र ते गरिबाचे झाले. शेजारच्या दुकानात ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ मिळते. शब्दांच्या जातिव्यवस्थेचा याहून नेमका नमुना मी तरी भाषाविज्ञानाच्या पुस्तकात पाहिलेला नाही: गावठी, देशी, भारतीय बनावटीचे विदेशी, विदेशी. सर्वांत तळाशी पाण्यासारखी दिसणारी ती धार. पेल्यातल्या थरांत निदान जड पदार्थ तळाशी जातो.

गेल्या काही वर्षांत मात्र वारे फिरले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. २०२२मध्ये मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देणारे धोरण आखले आणि नर्मदेपलीकडच्या, आपल्या अक्राणीला लागून असलेल्या अलिराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटाची ‘मोंड’ ही बाटली तयार झाली. गोवा-मुंबईकडच्या मद्यगृहांत मोहाची दारू घालून केलेली रंगीत मिश्रपेयेही दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या किमती ऐकल्या की मोरवडच्या माणसाला आपले काय चुकले तेच कळणार नाही. नदीच्या अलीकडे घरची धार आजही धाडीत ओतून दिली जाते. पलीकडे तिच्यावर लेबल लागले. ज्यांनी ती गाळली आणि ज्यांनी ती फोडली, त्या दोघांनाही या लेबलावर काय लिहायचे हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

त्या समारंभानंतरच्या उन्हाळ्यात तो विद्यार्थी विभागात आला. पिशवीत वाळलेली मोहफुले होती, आईने पाठवलेली. शिक्षककक्षात आम्ही ती चहाबरोबर खाल्ली. माझ्या एका सहकाऱ्याने उरलेली काही फुले गंमत म्हणून काचेच्या पेल्यात पाण्यात टाकून ठेवली. संध्याकाळपर्यंत पाण्याला फिकट मधासारखा रंग चढला होता. ‘‘हा रंग गाळताना वर येत नाही, मडक्यातच राहतो,’’ तो म्हणाला, आणि पेला उचलून खिडकीबाहेरच्या कुंडीत ओतून आला.